आंघोळीचं पाणी, वाकळ आणि दक्षिणेचं ऊन

साताऱ्यात हिवाळ्यात घरातलं इंधन कुठं जातं ते बघायचं असेल तर आधी न्हाणीघरात डोकवावं. आपल्याकडे खोल्या तापवायची पद्धत नाही आणि तशी गरजही पडत नाही. थंडी असते ती पहाटेची आणि रात्रीची. दुपारी बाराला गच्चीवर उभं राहिलं तर स्वेटर काढावासा वाटतो. मग उरतं काय, तर आंघोळीचं पाणी आणि रात्रीचं पांघरूण. या दोन गोष्टी हवेवर, झाडांवर आणि विजेवर कमीत कमी भार टाकून कशा भागवायच्या, यासाठी आम्ही घरातल्या पाच जणांनी यंदा दिवाळीपासून रथसप्तमीपर्यंत बरीच खटपट केली. कोणाचा कशाला विरोध होता, काय जमलं, काय नुसतं कागदावर चांगलं दिसत होतं, ते सगळं लिहिते आहे. अशा घरांतून राहणाऱ्या कोणाला तरी त्याचा उपयोग व्हावा एवढीच इच्छा.

घरात आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, हे, मी, आठवीतली थोरली आणि तिसरीतला धाकटा. घर जुनं, अजिंक्यताऱ्याच्या उत्तरेकडच्या उतारावर, वरती स्लॅब टाकून केलेली गच्ची आणि खाली छोटं अंगण. किल्ला आमच्या दक्षिणेला. थंडीत सूर्य दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे खाली पोवई नाक्यावर ऊन लखलखत असतं तेव्हा आमच्या गल्लीत अजून सावली असते. पावसाळ्यात किल्ल्यावरून उतरणारं धुकं बघून पाहुणे हरखतात, पण डिसेंबरात याच किल्ल्यामुळे आमची सकाळ तासभर उशिरा उजाडते. पुढच्या सगळ्या खटपटीत ही गोष्ट सारखी आडवी येत राहिली.

पाणी तापवायला आमच्याकडे दोन सोयी होत्या. पडवीत तांब्याचा बंब आणि न्हाणीत गिझर. बंब आत्यांचा. मधल्या नळकांड्यात जाळ, भोवताली पाणी. वरून तांब्याभर गार पाणी ओतलं की तोटीतून तेवढंच कढत पाणी बाहेर येतं. दर आठवड्याला चिंचेनं घासून त्या तो लख्ख ठेवतात. जळण म्हणून करवंट्या, तुरकाट्या, मक्याची बुरकुंडं, आणि माझ्या माहेराहून, पलूसकडून कोणी येणार असेल तर पोतंभर चिपाडं. गिझर बाकीच्यांचा. ज्याला घाई तो बटण दाबणार, आणि सकाळी घाई सगळ्यांनाच.

थोरलीला शाळेतून ऊर्जेचा प्रकल्प करायला सांगितला होता. तिनं तो न्हाणीवरच करायचा ठरवला आणि तिथून सगळ्याला खरी सुरुवात झाली. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि विजेच्या एका युनिटात 860 किलोकॅलरी असतात, एवढं तिच्या पुस्तकात होतं. थर्मामीटर घेऊन तिनं सकाळी नळाचं पाणी मोजलं, ते 17 अंश भरलं. अंगावर घ्यायला बरं वाटतं ते 42 च्या आसपास. म्हणजे 20 लिटरची बादली 25 अंशांनी तापवायला 500 किलोकॅलरी, साधारण 0.6 युनिट. पाच जणांच्या पाच बादल्या गिझरवर घेतल्या तर रोजचे 3 युनिट, महिन्याचे 90. हे आकडे तिनं जेवताना वाचून दाखवले तेव्हा ह्यांनी हात धुतले आणि कपाटातून जुनी बिलं काढून आणली. महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटांपुढचा टप्पा बराच महाग आहे. पंखे बंद असूनही हिवाळ्यात आमचं बिल का उतरत नाही, याचं उत्तर त्या रात्री मिळालं.

सोलर, म्हणजे उन्हावर पाणी तापवणाऱ्या काचेच्या नळ्या आणि टाकी, गच्चीवर बसवायचं ठरलं. पहिलाच आक्षेप असा आला की हिवाळ्यात सोलरचं पाणी तापत नाही. हे मी कितीतरी लोकांकडून ऐकलं होतं. आपल्याकडे खरी अडचण पावसाळ्यात येते, जून ते सप्टेंबर ढग हटत नाहीत तेव्हा. हिवाळ्यात साताऱ्याचं आकाश दिवसच्या दिवस निरभ्र असतं. ऊन तिरपं येतं एवढंच. 22 डिसेंबरच्या सुमाराला भर दुपारी सूर्य इथं क्षितिजापासून जेमतेम 49 अंश वर चढतो. म्हणून नळ्यांचा कल थोडा जास्त उभा ठेवायचा. वर्षभराचा हिशोब धरला तर अक्षांशाएवढा, म्हणजे 17-18 अंशांचा कल चालतो. पण आम्हाला गरज थंडीत जास्त, म्हणून तो वाढवून घेतला. नळ्यांचं तोंड दक्षिणेला, म्हणजे थेट अजिंक्यताऱ्याकडे.

जागा नक्की करायला थोरली आणि धाकटा दोघं कामाला लागले. सुट्टीच्या दिवशी गच्चीवर खडूनं दर तासाला सावलीची रेघ मारायची: कठड्याची, शेजाऱ्यांच्या टाकीची, पलीकडच्या नारळाची. संध्याकाळपर्यंत गच्चीभर रेघांचं जाळं झालं आणि एक कोपरा असा सापडला की जिथं ऊन एकदा आलं की चारपर्यंत हलत नव्हतं. बसवायला आलेला माणूस जिन्याजवळची जागा सोयीची म्हणत होता, पाइप कमी लागला असता. पण तिथं दुपारी दोनलाच नारळाची सावली पडत होती. पोरांच्या रेघा दाखवल्यावर त्यानं वाद घातला नाही.

टाकी केवढी घ्यायची यावरही बोलणं झालं. आम्हाला 200 लिटरची घ्या असा आग्रह होता. थोरलीनं परत वही काढली. टाकीतलं पाणी 55 अंश आणि नळाचं 20 अंश धरलं तर 40 अंशांची 20 लिटरची बादली करायला टाकीतलं 11-12 लिटर पुरतं. पाच बादल्यांना 60 लिटरच्या आत. भांड्यांना थोडं, न्हायच्या दिवशी थोडं जास्त, असं धरूनही 100 लिटरची टाकी आमच्या घराला पुरेशी होती. शॉवरखाली दहा-पंधरा मिनिटं उभं राहायची सवय असेल तर हा हिशोब लागू होत नाही. आमच्याकडे बादली-तांब्यानंच आंघोळ होते आणि मला ती पद्धत मनापासून पटते. पाणी किती घेतलं ते डोळ्यांसमोर असतं.

काचेच्या या नळ्या दुहेरी असतात, थर्मासच्या कुपीसारख्या; दोन काचांच्या मधली हवा काढून टाकलेली असते, म्हणून आत आलेली उष्णता बाहेरच्या गार वाऱ्यात परत जात नाही. आतलं पाणी तापलं की हलकं होऊन आपोआप वर टाकीत चढतं, टाकीतलं गार पाणी खाली नळीत उतरतं. पंप नाही, वीज नाही. मला यात आणखी एका गोष्टीचं अप्रूप वाटतं. साताऱ्यात कासच्या तलावाचं पाणी उतारानं येतं, पंपाशिवाय. डोंगरावर साठलेलं पाणी आपल्या वजनानं शहरात उतरायचं आणि गच्चीवर उन्हानं आपल्या आपण चढायचं, या दोन्हींत माणसानं फक्त वाट करून द्यायची आहे.

बसवल्यावर पहिल्या सकाळी मात्र नळातून गारच पाणी आलं. टाकीत पाणी तापलेलं होतं, पण गच्चीपासून न्हाणीपर्यंतचा उघडा पाइप रात्रभर थंडीत उभा होता आणि त्यातलं पाणी पार गारठलं होतं. जवळजवळ पाऊण बादली गार पाणी गेल्यावर गरम सुरू व्हायचं. पाइपला वेष्टण घालायचं काम ठरलेल्या किमतीत नव्हतं, असं नंतर कळलं. ते आम्ही घरी केलं: आधी फोमची नळी, तिच्यावर जुन्या चादरीच्या पट्ट्या घट्ट गुंडाळल्या, वरून प्लास्टिकचं जुनं पोतं आणि सुतळी. सोलर घेणाऱ्यानं टाकीच्या आधी या पाइपची चौकशी करावी, सगळी कमाई तिथं गळते. तरीही सुरुवातीचं थोडं पाणी गार येतंच. त्यासाठी न्हाणीत एक वेगळी बादली ठेवली आहे. त्या पाण्यानं फरशी पुसायची, नाहीतर ते झाडांना.

पण यंत्र बसवून काम संपत नाही. घरातल्या वेळा हलवाव्या लागल्या आणि ते जास्त अवघड होतं. सोलरचं पाणी सगळ्यात कढत असतं ते दुपारी चार-साडेचारला. सकाळपर्यंत ते थोडं निवतं. आणि आपल्या आंघोळी सगळ्या सकाळी, सहा ते आठच्या दरम्यान. आमच्याकडे किल्ल्याच्या सावलीमुळे ऊन उशिरा, म्हणजे सकाळी वापरलेलं पाणी परत तापायला दहा-साडेदहा वाजतात. हे लक्षात आल्यावर मी सुचवलं की ज्यांना सकाळी बाहेर पडायचं नाही त्यांनी दुपारी आंघोळ करावी, आणि पोरांनी खेळून आल्यावर संध्याकाळी.

आत्यांनी ऐकूनच मान हलवली. "पारोशानं देवाला शिवायचं व्हय? आन् चुलीपाशी बी तसंच जायाचं?" त्यांचं म्हणणं चूक नव्हतंच. घरातली पूजा त्या करतात, आणि पहाटेची आंघोळ हा त्यांच्या दिवसाचा पाया आहे. त्यांची आंघोळ आहे तशीच राहिली. हे कामावर जातात, त्यांचीही सकाळीच. पोरांची आम्ही संध्याकाळी पाचला हलवली. मैदानातून धुळीनं माखून आलेली पोरं तशीही त्या वेळी हातपाय धुवायला पाणी घ्यायचीच. आता पूर्ण आंघोळ करतात आणि सकाळी तोंड धुऊन शाळेला जातात. पहाटेच्या गारठ्यात कपडे काढायला लावताना होणारी रडारड संपली. माझी आंघोळ दुपारी एकच्या सुमाराला, न्हायचं असेल त्या दिवशी तर त्याच वेळी, म्हणजे गच्चीवर ऊन घेत केस वाळवता येतात. आत्यांना सुरुवातीला ते बघवत नव्हतं. मग एके दिवशी त्यांचे गुडघे फार धरले होते, तेव्हा दुपारी कढत पाण्याच्या दोन बादल्या मी त्यांच्या पायांवर घातल्या. तेव्हापासून दुपारचं पाय शेकणं सुरू झालं आहे. आंघोळ मात्र पहाटेचीच. एका घरात दोन रिती सुखानं चालतात.

बंब काढून टाकला नाही. डिसेंबरात एकदा आभाळ आलं, अवकाळी शिडकावा झाला आणि दोन दिवस सोलरचं पाणी कोमटच राहिलं, तेव्हा बंबानंच भागवलं. अजूनही सणावाराला तो पेटतो. जळण म्हणून आता फक्त करवंट्या आणि अंगणातल्या शेवग्याच्या छाटलेल्या, पूर्ण वाळलेल्या फांद्या. ओलं लाकूड धूर जास्त आणि ऊब कमी देतं. राख चाळून डब्यात भरतो. भांडी घासायला लागते, वाफ्यातल्या कोवळ्या रोपांवर सकाळच्या दहिवरात भुरभुरली की मावा कमी येतो. बंब नेहमी पेटत नाही म्हणून एक अडचण मात्र झाली. आत्या रात्री विरजणाचं भांडं त्याच्या कोमट अंगाला टेकवून ठेवायच्या. आता दही लागेना. त्यावरचा उपाय पुढं वाकळीतून, म्हणजे गोधडीतून, निघाला.

धुराचं सांगायला हवं, कारण साताऱ्यात हिवाळ्यात तो फार त्रास देतो. रात्री जमीन भराभर निवते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होऊन खाली बसते आणि वर तुलनेनं कोमट हवेचा थर राहतो. खालचा धूर त्या थराच्या वर जाऊ शकत नाही. आमचं शहर एका बाजूला किल्ला, दुसरीकडे यवतेश्वरचा डोंगर अशा कुशीत, त्यामुळे सकाळी सातला कोणी गल्लीच्या कोपऱ्यावर पालापाचोळा पेटवला तर नऊपर्यंत तो धूर आमच्याच नाकात असतो. आत्यांना खोकल्याची उबळ येते. बदामाची पानं लाल होऊन पडायला लागतात, पिंपळ झडतो, रोज झाडून ढीग होतो आणि काडी लावणं सगळ्यात सोपं वाटतं. पेटवणाऱ्या शेजाऱ्यांना दोष देऊन उपयोग नव्हता. आम्ही त्यांना सांगितलं, पाला आमच्या फाटकाशी आणून ठेवा.

अंगणात तारेच्या जाळीचा तीन फूट उंच आणि तेवढाच रुंद गोल केला. ढीग यापेक्षा लहान असला तर थंडीत आतली ऊब टिकत नाही आणि कुजणं थांबतं. तळाला काटक्या, मग वीतभर पाला, त्यावर स्वयंपाकघरातला ओला कचरा. हिवाळ्यात तो भरपूर: पावट्याची टरफलं, वाटाण्याची सालं, मेथीचे देठ, गाजराचे शेंडे. त्यावर शेणकाल्याचा सडा आणि परत पाला. नुसता पाला वर्ष वर्ष कुजत नाही, नुसता ओला कचरा घाण मारतो. दोघांची जोडी लागते. ओल किती हवी ते हातानं कळतं. आतला मूठभर माल दाबला तर तळवा ओलसर व्हावा, पण थेंब पडता कामा नये. वरून ओलं बारदान. पंधरवड्यानं थोरलीनं थर्मामीटर मधोमध खुपसलं तर पारा 50 च्या वर गेला, बाहेर पहाटेचे 12-13 अंश असताना. धाकट्यानं हात घालून बघितला आणि झटकन काढला. त्याला वाटत होतं आपण खाली विस्तव पुरलाय. ढीग उलथला की वाफ निघते, आणि तिला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास असतो.

माहेरी भाऊ हेच उसात करतो. पलूस भागात तोडणी झाली की पाचट पेटवायची सवय अजून पुष्कळांना आहे. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं आणि एका संध्याकाळी त्याची राख होते. भाऊ पेटवत नाही. खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटणाऱ्या पिकात, एकाआड एक सरीत दाबतो, त्यावर थोडा युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकून पाणी देतो. पाणी कमी लागतं, तणही कमी येतं. त्याचं बघून मला धीर आला होता, हे इथं नोंदवते.

आता वाकळ. यंदाच्या हिवाळ्यातलं माझं सगळ्यात आवडतं काम.

धाकटा मोठा झाला, त्याला पांघरूण अपुरं पडायला लागलं. बाजारात पॉलिएस्टरची ब्लँकेटं ढिगानं मिळतात, मऊ असतात, स्वस्त असतात. दोन वर्षांत त्यांच्या गुठळ्या होतात, आणि प्रत्येक धुण्यात त्यांचे प्लास्टिकचे बारीक धागे गटारात आणि तिथून नदीत जातात. आपली गटारं शेवटी वेण्णा-कृष्णेलाच मिळतात. आत्या म्हणाल्या, "इकत कशाला? माझी पेटी उघड." पेटीत त्यांची जुनी सुती लुगडी होती, आणि त्यांच्या सासूबाईंचं एक हिरवं इरकली. धुऊन धुऊन इतकं मऊ की हातात धरलं तर अंगठ्याची नखं त्यातून दिसावीत. ते कापायला मला धीर होईना. आत्या म्हणाल्या, वाकळीला कापायचं नसतं, घडी घालायची असते.

नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटरच्या आसपास असतं. त्याची लांबीत चार पदरी घडी घातली की दोन मीटर लांब आणि सव्वा मीटरला जरा कमी रुंद अशी एका माणसाची वाकळ बरोबर होते. दोन पदर खाली, दोन वर, आणि मध्ये भरायला मामांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं जुनं धोतर आणि दोन विरलेल्या सुती चादरी. मुलांचे शाळेचे गणवेश घालता येतील का म्हणून मी काढले होते. गल्लीतल्या एक मावशी पूर्वी घरोघर जाऊन वाकळा शिवून द्यायच्या. त्यांना मजुरी ठरवून शिकवायला बोलावलं होतं. त्यांनी गणवेश चुरगाळून बघितले आणि बाजूला टाकले. "टेरिकॉट हाय ह्यो. दोऱ्याला धरत न्हाई आन् घाम बी पीत न्हाई. राती पोरगं लाथा मारंल."

सगळं कापड आधी रिठ्याच्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवलं. मग गच्चीवर सतरंजी, तिच्यावर लुगडं ताणून, चारी कोपऱ्यांवर विटा. एकही सुरकुती ठेवायची नाही. आतल्या थराला पडलेली सुरकुती शिवल्यावर कायमची टोचते. मावशी गुडघ्यावर बसून मधून कडेकडे तळवा दाबत नेत, कापड सपाट करत जायच्या. मग आडवे-उभे लांब लांब टाचे घातले, थर हलू नयेत म्हणून. आणि मग धावदोरा. कडेनं सुरुवात करायची, चारी बाजूंनी फिरत फिरत आत यायचं. जाड सुती दोरा दुहेरी, मेण लावलेला. सुई खालून वर काढताना डाव्या हाताचं बोट खाली असतं. सुईचं टोक टोचलं की कळतं सगळे थर घेतले गेले. पहिल्या दिवशी ते बोट सुजलं, मग कातडं घट्ट झालं.

दोन ओळींत किती अंतर ठेवायचं यावर मावशींचा कटाक्ष होता. मी बारीक, जवळजवळ ओळी घालत होते, सुबक दिसावं म्हणून. त्यांनी थांबवलं. ओळी फार दाटल्या की थर एकमेकांना चिकटतात आणि वाकळ गार पडते. ऊब कापडाची नसते, थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते. तिला जागा ठेवावी लागते. कडेला दाट टाके, मध्ये दोन बोटांचं अंतर. हे ऐकताना सोलरच्या नळ्या आठवल्या.

दुपारी ऊन खात सगळ्यांनी मिळून ते काम केलं. धाकटा सुयांत दोरा ओवून ओळीनं उशीला टोचून ठेवायचा, थोरली आणि मी समोरासमोर बसायचो, आत्या पावटा सोलत सोलत कोणत्या लुगड्यात कोणाचं बारसं झालं ते सांगायच्या. हे सुट्टीच्या दिवशी येऊन बसायचे; शिवण त्यांना जमलं, फक्त टाके थोडे लांब पडले आणि ते तसेच ठेवले आहेत. संक्रांतीच्या आधी वाकळ पुरी झाली. अंगावर घेतली की तिचा भार जाणवतो. धाकट्याला तो इतका आवडला की लाथा मारणं बंद झालं.

उरलेल्या कापडाची एक लहान चौकोनी वाकळ शिवली आणि ती स्वयंपाकघरात आली. विरजणाचं भांडं तिच्यात गुंडाळून पिठाच्या डब्याशेजारी ठेवलं की सकाळी दही घट्ट. मग भातासाठी वापरून बघितली. तांदूळ उकळून पाच-सात मिनिटं झाली, पाणी अजून वर आहे, तेव्हाच गॅस बंद करायचा, झाकण घट्ट लावून पातेलं वाकळीत गुंडाळायचं आणि लाकडी खोक्यात ठेवायचं. अर्ध्या-पाऊण तासात भात मोकळा शिजून तयार, आणि जेवायला बसेपर्यंत गरम. तुरीची डाळ भिजवून अशीच अर्धी गॅसवर, अर्धी वाकळीत शिजते. घेवडा किंवा राजम्यासारखं कडधान्य मात्र असं ठेवू नये. ते भिजवून, पाणी टाकून देऊन, खळखळ उकळूनच शिजवावं लागतं. कच्चट राहिलं तर पोट बिघडतं. ते आम्ही कुकरमध्येच करतो.

घेवड्यावरून वाणाचं सांगते. संक्रांतीच्या हळदीकुंकवात दरवर्षी प्लास्टिकच्या वाट्या, गाळण्या, डबे घरात येतात आणि आपणही तेच देतो. यंदा मी कोरेगावकडचा वाघ्या घेवडा आणला. तांबूस दाण्यावर वाघासारखे पट्टे असतात, भौगोलिक मानांकन मिळालेलं वाण आहे आणि आपल्याच जिल्ह्यातलं. वाकळीच्या उरलेल्या पट्ट्यांच्या थैल्या शिवून प्रत्येकीला त्यातून एकेक मापटं दिलं. एक-दोघींना ते जरा साधं वाटलं असावं, तसं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. बाकीच्या आमटी कशी करायची ते विचारत बसल्या आणि हळदीकुंकू लांबलं. भोगीच्या आदल्या दिवशी मंडईत पिशव्या घेऊन गेलो होतो: पावटा, वांगी, गाजर, हरभऱ्याचा डहाळा, बोरं. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, माणदेशच्या बाजरीची. या भाजीइतकं हंगामाला धरून असलेलं जेवण वर्षात दुसरं नसेल. त्यात लांबून आणलेलं, शीतगृहात ठेवलेलं काहीच नसतं.

रथसप्तमीला आत्यांनी अंगणात शेणीवर दूध उतू घातलं. सूर्य उत्तरेकडे सरकू लागलाय आणि गल्लीत ऊन आता लवकर येतं. गिझरचं बटण हिवाळ्यात मोजक्या वेळा दाबलं गेलं आणि बिल 100 युनिटांच्या आत राहिलं. पाल्याचा ढीग खाली बसून निम्मा झालाय. चाळून गुढीपाडव्याच्या सुमाराला कुंड्या भरायच्या आहेत, आणि ज्यांनी पाला आणून दिला त्यांनाही त्यातलं एकेक घमेलं द्यायचं कबूल केलं आहे. गल्लीत पाला पेटवणं पूर्ण थांबलेलं नाही. एक घर अजून पेटवतं. त्यांच्याकडे आत्या स्वतः जाऊन बोलणार आहेत. एप्रिल-मेमध्ये पाणी गरजेपेक्षा जास्त कढेल, तेव्हा निम्म्या नळ्यांवर बारदान टाकावं लागेल. थोरलीला पण वाकळ हवी आहे, म्हणून जाऊबाईंना फोन करून त्यांच्याकडचं एक सुती लुगडं मागून ठेवलंय.